वॉर्साचे दोन उठाव, आणि १ ऑगस्ट नेमका कोणाचा

१ ऑगस्ट आला की एक फोटो हमखास फिरतो. टोपी घातलेला, हात वर केलेला लहान मुलगा आणि मागे बंदूकधारी जर्मन सैनिक. खाली लिहिलेलं असतं, ‘वॉर्सा उठावातल्या वीरांना सलाम’. फोटो अस्सल आहे, पण तो १९४३चा, वॉर्साच्या घेट्टोतला, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतला. १ ऑगस्टचा पोलंडचा राष्ट्रीय स्मृतिदिन मात्र १९४४च्या उठावाचा आहे. मुलाचंच चित्र हवं असेल तर जुन्या शहराच्या तटबंदीपाशी १९८३ साली उभारलेला छोट्या सैनिकाचा पुतळा आहे. डोक्यावर डोळ्यांपर्यंत आलेलं हेल्मेट आणि हातात बंदूक. तो १९४४च्या उठावाचा. शहर एक, शत्रू एक, मध्ये जेमतेम सव्वा वर्ष, म्हणून वाचकाची गल्लत झाली तर समजू शकतं. महायुद्धावर लेख पाडणाऱ्यांनीही तेच करावं, याचा मात्र वैताग येतो.

घेट्टोचा उठाव बहुतेकांना ठाऊक असतो, त्यामुळे थोडक्यात. १९४२च्या उन्हाळ्यात अडीच लाखांहून जास्त ज्यूंना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. उरलेल्या सगळ्यांना न्यायला जर्मन आले ते १९ एप्रिल १९४३ला, पासओव्हर सणाच्या आदल्या दिवशी. मोर्देखाई अनिएलेविच आणि इतर तरुणांनी पिस्तुलं आणि घरगुती बॉम्ब घेऊन सामना केला. जर्मन सेनाधिकारी श्ट्रोपने एकेक इमारत जाळत घेट्टो संपवला आणि १६ मे रोजी मोठं सिनेगॉग उडवून दिलं. तो फोटो त्याच्याच अहवालातला.

१९४४चा उठाव १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता सुरू झाला, ६३ दिवस चालला आणि २ ऑक्टोबरला शरणागतीने संपला. लढले ते प्रामुख्याने ‘आर्मिया क्रायोवा’ या गुप्त सेनेचे लोक. तारखा आणि नावं कुठेही सापडतील. खरी मेख वेगळीच आहे, ती म्हणजे हा उठाव कशासाठी होता.

घेट्टोतल्यांपुढे पर्यायच उरला नव्हता. न लढता ट्रेब्लिंका, लढून मरण. जिंकू असं त्यांच्यातल्या कुणालाही वाटत नव्हतं. १९४४च्या सेनापतींपुढे मात्र पर्याय होते, आणि त्यांनी हिशेब मांडला होता. आर्मिया क्रायोवा म्हणजे लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सरकारची सेना. रशियाची रेड आर्मी वॉर्साच्या जवळ आली होती. जर्मन माघार घेतायत, तर रशियन शहरात शिरण्याआधी राजधानी आपल्या ताब्यात हवी, म्हणजे स्वागताला यजमान म्हणून उभं राहता येईल, असा तो बेत. बंदुका जर्मनांवर रोखलेल्या, पण डाव स्टालिनविरुद्ध. हे कळलं नाही तर या उठावातलं काहीच कळत नाही.

कोल्हापूरकरांना तरी हे कळायला जड जाऊ नये. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ दरम्यान सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतांश बायका आणि मुलं. आपल्याकडे दर बातमीत ‘हिटलरच्या छळातून सुटून आलेले’ असं लिहितात, आणि माझं डोकं फिरतं. यातल्या बहुतेकांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून सोव्हिएत पोलिसांनी उचलून सायबेरिया, कझाकस्तानात टाकलं होतं. पोलिश जनरल आंदेर्सच्या सैन्याबरोबर ते इराणमार्गे बाहेर पडले. त्यांच्याच देशबांधवांना ऑगस्ट १९४४ मध्ये रेड आर्मीची धास्ती का वाटत होती, याचं उत्तर वळिवड्यात आहे. त्यात ताजा अनुभवही होता. जुलैमध्ये विल्नो (आजचं विल्नियस) शहर घेताना आर्मिया क्रायोवा रेड आर्मीच्या बरोबरीने लढली, आणि शहर हाती येताच तिच्या अधिकाऱ्यांना अटक झाली.

हिशेब फसला. रेड आर्मी विस्तुला नदीच्या पलीकडे थांबून राहिली. तिला जमलं नाही की तिला यायचंच नव्हतं, यावर वाद आहे, पण मदतीच्या विमानांना आपल्या तळांवर उतरू द्यायला स्टालिनने आठवडेच्या आठवडे नकार दिला, हे कागदोपत्री आहे. वोला भागात ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच हजारोंच्या संख्येने नागरिक भिंतीला लावून मारले गेले. उठावात मेलेल्या नागरिकांचा अंदाज दीड ते दोन लाख, लढवय्यांचा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शरणागतीनंतर जर्मनांनी रिकामं शहर पद्धतशीर पाडलं. म्हणूनच हा निर्णय बरोबर होता का, यावर पोलिश माणसं आजही हमरीतुमरीवर येतात. खुद्द आंदेर्सनेही त्यावर कडक टीका केली होती. घेट्टोबद्दल असा वाद होत नाही, होऊच शकत नाही. मला विचाराल तर १ ऑगस्टला नुसते शौर्याचे गोडवे गाणं म्हणजे त्या नागरिकांवर अन्याय.

स्मारकांच्या तारखाही याच कारणाने इतक्या लांब पडल्या. घेट्टोवीरांचं स्मारक १९४८ सालीच उभं राहिलं. आर्मिया क्रायोवाचे लोक मात्र युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीच्या तुरुंगात गेले, आणि १९४४च्या उठावाचं मोठं स्मारक उभं राहायला १ ऑगस्ट १९८९ उजाडला. त्या उठावाचं संग्रहालय २००४चं, राष्ट्रीय स्मृतिदिनाचा कायदा २००९चा. त्यामुळे १९७०च्या डिसेंबरात जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट ‘वॉर्सा उठावाच्या स्मारकापुढे’ गुडघ्यांवर बसले, असं कुणी लिहिलं तर ते स्मारक तेव्हा नव्हतंच, एवढं सांगा. ते बसले घेट्टोवीरांच्या स्मारकापुढे.

दोन्ही गोष्टी एकमेकींना शिवतात, हेही खरं. ५ ऑगस्ट १९४४ला आर्मिया क्रायोवाच्या ‘झोश्का’ बटालियनने घेट्टोच्या अवशेषांतली गेन्शुफ्का ही जर्मन छळछावणी जिंकून ३४८ ज्यू कैदी सोडवले. घेट्टोच्या उठावातून वाचलेला त्याचा एक म्होरक्या मारेक एडेलमान १९४४च्या उठावातही लढला.

वॉर्सात गेलात तर खुणा सोप्या आहेत. १९ एप्रिलला लोक कोटावर कागदी पिवळं डॅफोडिल लावतात. १ ऑगस्टला पी आणि डब्ल्यू (‘लढणारा पोलंड’ या पोलिश शब्दांची आद्याक्षरं) जोडून केलेला जहाजाचा नांगर सगळीकडे दिसतो, आणि पाच वाजता भोंगे वाजले की रहदारी थांबते. घेट्टोच्या उठावाशी जोडलेला राष्ट्रीय दिवस इस्रायलचा, हिब्रू पंचांगातला २७ निसान. आणि पोलंडमध्ये १ मार्चला असतो तो दिवस तिसराच, युद्धानंतर कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध लढत राहिलेल्यांचा. त्यावर निराळी भांडणं आहेत, तो कृपा करून यात कालवू नका.