बॅरन बेट खरंच दीडशे वर्षं झोपलं होतं?

अंदमानातलं बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. श्री विजयपुरम, म्हणजे कालपरवापर्यंतच्या पोर्ट ब्लेअरपासून तो ईशान्येला सुमारे 140 किलोमीटरवर आहे. ज्या आर्चिबाल्ड ब्लेअरचं नाव त्या शहराला मिळालं होतं, तो 1789 साली या बेटाजवळून गेला. मधल्या शंकूतून धूर निघत होता आणि तीन-चार टन वजनाचे दगड बाहेर फेकले जात होते, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे 1803-04 मध्येही उद्रेक झाल्याची नोंद आहे. नंतर मात्र वाफा, कढत पाण्याचे झरे अशा किरकोळ उल्लेखांवरच भागवावं लागतं. 1884 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मॅलेट तिथे गेले तेव्हा बेट थंडावलेलं होतं. आणि मग एकदम 1991. लाव्हा वाहिला, राख उडाली, वनस्पती आणि प्राणी होरपळले.

मधली दीडशेहून अधिक वर्षं ज्वालामुखी झोपला होता, असं सर्रास लिहिलं जातं. मला हे विधान जरा घाईचं वाटतं. या बेटावर वस्ती नाही. कुणीतरी सोडलेल्या बकऱ्यांची प्रजा तेवढी तग धरून आहे, आणि त्या काही रोजनिशी लिहीत नाहीत! मोठा उद्रेक लपणार नाही हे खरं. पण दोन-चार दिवस राखेचे लोट उठून विरले असतील, तर ते कळायला नेमकं त्याच वेळी जवळून एखादं जहाज जायला हवं. 1991 नंतर 1994-95, मग 2005 पासून वरचेवर, अशा नोंदी दाटल्या. ज्वालामुखी जास्त सक्रिय झाला हे खरंच. पण तोवर त्याच्यावर उपग्रहांची नजरही बसली होती.

जहाज योगायोगाने जवळ असलं की काय दिसतं, याचा अनुभव गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकाला 23 जानेवारी 2017 रोजी आला. ‘सिंधु संकल्प’ या जहाजावरून ते समुद्रतळाचे नमुने घेत होते, आणि समोर ज्वालामुखी राख ओकू लागला. पाच-दहा मिनिटांचे छोटे छोटे उद्रेक. उजेडात नुसतेच राखेचे ढग दिसत होते. सूर्य मावळल्यावर विवरातून उसळणारा आणि उतारावरून ओघळणारा तांबडा लाव्हा दिसू लागला.

माणसाच्या नोंदी जेमतेम सव्वादोनशे वर्षांच्या. त्यामागचा इतिहास समुद्राच्या तळाशी आहे. उद्रेकात उडालेली राख पाण्यात बुडते आणि गाळात तिचा थर बनतो. तळात लांब नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढायचा, त्यातल्या सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचं कार्बनच्या किरणोत्सारी समस्थानिकावरून (म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूवरून) वय काढायचं, म्हणजे राखेच्या थराचा काळ कळतो. सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे मात्र ही पद्धत लंगडी पडते. बॅरनजवळच्या अशा नमुन्यात राखेचे अनेक थर मिळाले असून सर्वांत जुने सत्तर हजार वर्षांच्या आसपासचे असावेत, असा अंदाज आहे.

राख कुणाची, हे ठरवणं याहून किचकट. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीने सुमारे 74,000 वर्षांपूर्वी भारतभर राख पसरली होती. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला राखेचा थर सापडला, पण ती टोबाच्या या उद्रेकाची की त्याहून फार जुन्या, यावर संशोधकांत वर्षानुवर्षं वाद झाले. त्यामुळे स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजून राखेचं मूळ ताडून पाहतात.

डिसेंबर 2004 च्या महाभूकंपानंतर पाच महिन्यांनी, मे 2005 च्या अखेरीस बॅरन पेटला. दोन्हींच्या मुळाशी भारतीय भूपट्ट अंदमानखाली सरकणं हेच कारण असल्याने संबंध जोडायचा मोह होतो. पण 1991 आणि 1994 चे उद्रेक तसल्या भूकंपाविनाच झाले होते. गाळाचे थरही इथे मदतीला येत नाहीत. तळाशी ओळखू येण्याजोगा थर सोडतात ते मोठे स्फोटक उद्रेक. 2017 सारख्या पाच-दहा मिनिटांच्या उसळ्यांची राख गाळात मिसळून जाते.