सातव्या वळणावरची गर्दी

टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बघायला चाललोय असं घरी सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: तिकीट कितीचं? तिकीट नसतं म्हटल्यावर माझ्या मामाने जरा वेळ घेतला आणि म्हणाला, "म्हणजे विमानाचं भाडं भरून तिथे रस्त्याच्या कडेला उभा राहणार?" तसंच. सपाटीवरचा टप्पा असेल तर दीडशेच्या वर सायकलींचा थवा समोरून जायला अर्धा मिनिटही लागत नाही, त्यामुळे मामाचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही. इतकी मोठी शर्यत फुकट का आणि ती बघायला देशोदेशीची माणसं कधीपासून जायला लागली, याचा माग काढत गेलं की आपण पॅरिसमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचतो.

१९०० च्या सुमारास तिथे 'ल व्हेलो' नावाचं खेळाचं दैनिक हिरव्या कागदावर निघायचं. देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या, ड्रेफसच्या प्रकरणात त्याच्या संपादकाने ड्रेफसची बाजू घेतली. बड्या जाहिरातदार कारखानदारांना ते रुचलं नाही आणि त्यांनी पैसे घालून दुसरं पत्र उभं केलं. तेच 'लोतो', आणि ते पिवळ्या कागदावर. संपादक आँरी देग्रांज. खप काही हलेना, तेव्हा जिओ लफेव्र या तरुण बातमीदाराने सुचवलं की अख्ख्या फ्रान्सला वळसा घालणारी शर्यत भरवू. १ जुलै १९०३ रोजी पॅरिसबाहेर माँजराँ इथल्या एका कॅफेसमोरून ६० जण निघाले. टप्पे सहाच, पण अंतर २,४२८ किलोमीटर, म्हणजे सरासरी चारशे किलोमीटरचा एकेक टप्पा. रात्रीही सायकल हाणावी लागे. पुरी केली २१ जणांनी. पहिला आलेला मोरिस गारँ दुसऱ्याच्या जवळजवळ तीन तास पुढे होता.

वाटेवरच्या गावातल्या माणसाला यातलं काय दिसत असेल? पहाटे धुळीने माखलेला एक गडी येतो आणि जातो. बऱ्याच वेळाने दुसरा. कोण पुढे, कोण मागे, कळायला मार्ग नाही. ते कळायचं नंतर, 'लोतो' हातात पडल्यावर. शर्यत कुणालाच अख्खी दिसत नव्हती, आणि धंद्याची सगळी गोम तिथेच होती: रस्ता फुकट, हकिगत विकत. २५ हजारांच्या आसपासचा खप टूरनंतर ६५ हजारांवर गेला. तिकीट लागायचं ते पॅरिसच्या पार्क दे प्रँस ट्रॅकवर, विजेत्यांचं स्वागत बघायला. बाकीच्या रस्त्याला दार नव्हतं, त्यामुळे दाराशी कुणी पैसे मागायचाही प्रश्न नव्हता.

दार नसलेल्या घरात कोण कसा शिरेल हे मात्र सांगता येत नाही. दुसऱ्याच वर्षी, १९०४ मध्ये, सँत-एतियेनजवळच्या घाटात रात्रीच्या अंधारात जमाव दबा धरून होता. आंतोआन फोर हा त्यांचा गाववाला पुढे निघून गेला आणि मागून येणाऱ्यांना त्यांनी चोप दिला. पिस्तुलाचे बार काढल्यावर ते पांगले. पुढे रस्त्यावर खिळे टाकलेले सापडले. सायकलपटूही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. आगगाडीतून अंतर कापल्याचे आरोप झाले, पहिले चारही जण बाद ठरले आणि पाचवा आलेला आँरी कोर्ने हा पोरगेला खेळाडू विजेता झाला. टूर आता संपली, असं देग्रांजने स्वतःच लिहून टाकलं. संपली अर्थातच नाही, पण बघ्यांना कसं आवरायचं हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत तिच्या मागे आहे.

रस्त्याकडेला उभं राहण्याची हौस सहलीत बदलली ती १९३० च्या दशकात. सायकल कंपन्यांच्या संघांच्या दादागिरीला कंटाळून देग्रांजने १९३० मध्ये राष्ट्रीय संघ आणले. मग खेळाडूंच्या जेवणाखाण्याचा, मुक्कामाचा खर्च आयोजकांवर आला, आणि तो भागवायला शर्यतीच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांची मिरवणूक सोडायची टूम निघाली. चॉकलेटवाली मेनिए कंपनी त्यात आघाडीवर होती. त्यानंतर सहा वर्षांनी, १९३६ मध्ये, फ्रान्सच्या कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. भर उन्हाळा, हातात रजा, जुलैत दारावरून जाणारी शर्यत, शिवाय वर काहीतरी फुकट उधळत जाणाऱ्या गाड्या. आज टूरच्या कडेला घडीच्या टेबलावर पाव-चीज मांडून बसलेली जी आजी-आजोबांची जोडपी दिसतात, त्यांचा वंश तिथून सुरू होतो.

खऱ्या भक्ताची जागा मात्र घाटात. १९१० मध्ये टूर पिरेनीजमध्ये चढली, पुढच्या वर्षी आल्प्समध्ये. सपाटीवर ताशी पन्नासने जाणारा माणूस चढावर विशीत येतो आणि थवा फुटून एकेकटा होतो. चेहरा दिसतो, तोंडातली लाळ दिसते, नाव घेऊन हाक मारली तर त्याच्यापर्यंत पोचते. दुसऱ्या कुठल्या खेळात जगज्जेता भर सामन्यात प्रेक्षकाच्या हाताच्या अंतरावरून जातो, मला तरी आठवत नाही.

या घाटांमध्ये परदेशी प्रेक्षकाची राजधानी म्हणजे आल्प द्युएज. बूर द्वाझाँ गावाच्या पुढून सुरू होणारा पावणेचौदा-चौदा किलोमीटरचा चढ आणि २१ वळणं. वळणांचे आकडे खालून वर उतरत जातात आणि प्रत्येक पाटीवर तिथे जिंकलेल्यांची नावं असतात. १९५२ मध्ये टूर पहिल्यांदा इथे आली तेव्हा इटलीचा फाउस्तो कोप्पी जिंकला. मग जवळजवळ पाव शतक कुणी फिरकलं नाही. १९७६ मध्ये टूर परतली ती योप झूटेमेल्कच्या विजयाने. पुढची दोन वर्षं हेनी क्युपर, मग पुन्हा झूटेमेल्क, ८१ आणि ८३ मध्ये पेटर विनन, ८८ ला स्टीव्हन रूक्स, ८९ ला गेर्ट-यान टेउनिसे. आठ विजय, आठही डच, म्हणजे ज्या देशात चढ म्हणून पूल दाखवतात तिथली माणसं. योगायोग असा की वरच्या चर्चचे पाद्रीही डच होते, आणि डच माणूस जिंकला की घंटा वाजायची. आल्प्सच्या पायथ्याला तंबू ठोकून सुट्टी घालवायची डचांना सवय होतीच, आता तिला निमित्त मिळालं. सातवं वळण 'डच कॉर्नर' झालं.

मी तिथे पोचलो १४ जुलै २०२२ ला, बूर द्वाझाँहून पायी. घाट गाड्यांना बंद होता. कॅम्परव्हॅनवाले मात्र कितीतरी आधीच येऊन ठाण मांडून बसले होते, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. डांबरावर नावांवर नावं रंगवलेली. (अश्लील चित्रंही असतात. ती टीव्हीवर दिसू नयेत म्हणून आयोजकांची माणसं पुढे जाऊन रंगाच्या चार फटकाऱ्यांत त्यांचं घुबड किंवा फुलपाखरू करतात. ही नोकरी मला फार आवडली असती.) सातव्या वळणावर नारिंगी टी-शर्टांची भिंत, लाउडस्पीकर, बिअरचा चिकचिकाट. दुपारी जाहिरातींच्या गाड्या आल्या आणि पन्नाशीचे सभ्य गृहस्थ कोशोनू या सॉसेज कंपनीच्या लाल-पांढऱ्या चौकटीच्या टोपीसाठी एकमेकांच्या अंगावर पडले. मीही पडलो. टोपी मिळाली, कोपर खरचटलं.

मग काहीच नाही. ऊन. आणि एकदम दरीतून हेलिकॉप्टरची घरघर वर येते तेव्हा सगळे गप्प होतात. शिट्ट्या, मोटारसायकली, आणि गर्दी चिरत एकटा टॉम पिडकॉक, त्या दिवसाचा विजेता. माणसं शेवटच्या क्षणी बाजूला होत होती, त्याच्या पुढे जेमतेम सायकलीपुरती फट उघडत होती आणि मागे मिटत होती. त्या दिवशी तिसरा आला क्रिस फ्रूम. तो बराच वेळ आधी संपलेला खेळाडू मानला जात होता, आणि ज्या गर्दीने चार वर्षांपूर्वी याच घाटात त्याची हुर्यो उडवली होती ती टाळ्या वाजवत होती. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. सगळ्यात शेवटी झाडूगाडी, दमून सोडणाऱ्यांना उचलणारी. हीसुद्धा १९१० पासूनची.

एवढ्या जवळिकीची किंमत खेळाडूंनी वेळोवेळी मोजली आहे. १९५० मध्ये कॉल दास्पँवर जिनो बार्ताली पडला आणि चिडलेल्या फ्रेंच प्रेक्षकांनी त्याच्यावर हात टाकला. इटलीचे दोन्ही संघ घरी निघून गेले, एकूण वेळेत सगळ्यात पुढे असणाऱ्याला मिळणारी पिवळी जर्सी त्यांच्याच फियोरेन्झो मान्यीकडे असूनही. १९९९ मध्ये आल्प द्युएजवरच फोटो काढायला रस्त्यात उभ्या राहिलेल्या एकाने ज्युसेप्पे गेरिनीला पाडलं. गेरिनी उठून जिंकला, म्हणून ते हसण्यावारी गेलं. २०१६ मध्ये माँ व्हाँतूवर वाऱ्यामुळे शेवट खाली शाले रेनारला आणला आणि गर्दी इतकी दाटली की मोटारसायकल अडकली, फ्रूम तिच्यावर आदळला आणि पिवळ्या जर्सीत चक्क पळत सुटला. २०२१ मध्ये लांदेर्नोच्या वाटेवर एका बाईने आजी-आजोबांसाठीची पाटी कॅमेऱ्याकडे धरली, थव्याकडे पाठ करून. टोनी मार्टिन पाटीवर धडकला आणि मागचे कित्येक जण कोसळले.

पण सगळ्यात बोलकी जागा प्वी द दोम. १९७५ मध्ये या ज्वालामुखीच्या चढावर एका प्रेक्षकाने एडी मर्क्सच्या पोटात ठोसा मारला. मर्क्स पाच टूर जिंकलेला होता, सहावी त्याला कधीच मिळाली नाही. ठोशामुळेच गेली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, कारण त्या वर्षी जिंकलेला बेर्नार तेव्हने खरोखर भारी होता. १९८८ नंतर टूर या डोंगरावर गेलीच नाही, कारण अरुंद वाटेवर पुढे रॅक रेल्वे झाली. २०२३ मध्ये गेली तेव्हा शेवटचे चार किलोमीटर प्रेक्षकांना पूर्ण बंदी होती. मायकल वुड्स जिंकला. टीव्हीवर नुसते श्वास आणि साखळीचा आवाज. सुरक्षित होतं, आणि बघवत नव्हतं.

जवळिकीची दुसरी बाजू एका बाटलीत आहे. एप्रिल २०२१ मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेने कचऱ्याच्या कारणाने नियम केला की रिकामी बाटली ठरलेल्या पट्ट्यातच टाकायची. काही दिवसांतच टूर ऑफ फ्लँडर्स या बेल्जियममधल्या एकदिवसीय शर्यतीत स्वित्झर्लंडच्या मिखाएल शेअरने कडेच्या प्रेक्षकांकडे बाटली भिरकावली आणि तो बाद झाला. त्यावर त्याने पत्र लिहिलं. १९९७ मध्ये लहानपणी आईवडिलांबरोबर तो जुरा पर्वतात टूर बघायला गेला होता, तिथे एका खेळाडूची बाटली त्याच्या हाती आली. पिवळी, पोल्टी संघाची. घरी ती रोज त्याला त्या दिवसाची आठवण द्यायची, आणि आपण सायकलपटू व्हायचं हे त्यातून ठरलं. नियम थोड्याच दिवसांत सौम्य झाला. दार नसलेल्या रस्त्याचं इतकं चांगलं समर्थन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

समर्थनाची गरज आहेच, कारण दार लावायचे प्रयत्न चालू असतात. संघांना गल्ल्यातून काही मिळत नाही, प्रायोजक गेला की संघ बुडतो. तिकीट लावा, ही सूचना म्हणूनच पुन्हा पुन्हा येते. बेल्जियममध्ये २०१२ पासून टूर ऑफ फ्लँडर्सचा शेवट आउडेनार्डेला नेला आणि ठरावीक चढांवर घिरट्या घालणारा मार्ग आखला. एका जागी बसून तीन-तीनदा बघता येईल, शेजारी पैसेवाल्यांचे तंबूही उभारता येतील, हा त्यामागचा हिशेब. त्यात गेरार्ट्सबर्गनचा 'म्यूर' हा दगडी चढ वगळला, तर चाहत्यांनी त्याची चक्क अंत्ययात्रा काढली. २०१७ मध्ये म्यूर मार्गात परत आला. तंबूही आहेत, आणि त्यांच्या पलीकडे फुकट चिखलात उभी असलेली माणसंही.

गर्दीचा रंगही बदलत गेला. १९८४ मध्ये कोलंबियाचा लुइस हेरेरा आल्प द्युएजला जिंकला. २००१ मध्ये बास्क रोबेर्तो लायसेकाने पिरेनीजमधला लुझ आर्दिदेनचा चढ मारला तेव्हा सीमेपलीकडून आलेल्या बास्क लोकांनी पिरेनीज नारिंगी करून टाकलं होतं. डचांचा नारिंगी वेगळा, हा वेगळा, आणि चुकलात तर ते सांगतात. आणि गेल्या दहा वर्षांत एरिट्रियाचे झेंडे. इटालियनांनी वसाहतीबरोबर तिथे सायकल शर्यत नेली, ती राजधानी अस्मारात मुरली. २०२४ मध्ये बिनियाम गिर्मायने टूरचे तीन टप्पे आणि गुणांच्या स्पर्धेत पहिल्याला मिळणारी हिरवी जर्सी जिंकली तेव्हा युरोपात विखुरलेले एरिट्रियन कडेला हजर होते. त्यांच्यातले बरेच जण टूरसाठी परदेशात आलेले नव्हते, ते परदेशातच राहत होते.

डचांचं काय झालं? ८९ च्या टेउनिसेनंतर पुरुषांच्या टूरमध्ये सातव्या वळणावरून त्यांचा एकही माणूस विजयाकडे गेला नाही, तरी ते दरवेळी आले, प्यायले, नाचले. १८ ऑगस्ट २०२४ रोजी महिलांच्या टूरचा शेवटचा टप्पा आल्प द्युएजवर होता. ती टूर त्या वर्षी निघालीच होती रॉटरडॅमहून. टप्पा जिंकला डेमी व्होलरिंगने, दुसरी पाउलिना रोयाकर्स, दोघी डच. एकूण वेळेत मात्र पोलंडची कासिया न्येवियादोमा चार सेकंदांनी पुढे राहिली आणि पिवळी जर्सी घेऊन गेली.