पोर्तुगीज ते फ्रेंच इंटरप्रिटर पाहिजे? कॉन्सेक्युटिव्ह की सायमल्टेनियस, ते आधी ठरवा

नागपुरात सेमिनार करणाऱ्या मंडळींची डिमांड साधारण अशी असते, ब्राझीलच्या मॅडम जात आणि वंश या विषयावर पोर्तुगीजमध्ये बोलणारेत, पॅरिसच्या पाहुण्यांना फ्रेंचमध्ये ऐकायचंय, तर एक इंटरप्रिटर बघून द्या ना. अहो पण कोणता? दोन्ही प्रकारात तोंडीच भाषांतर होतं म्हणून लोक एकच समजतात, आणि मग ऐनवेळी बजेटचे बारा वाजतात.

कॉन्सेक्युटिव्हमध्ये वक्ता थोडं बोलून थांबतो आणि इंटरप्रिटर पॅडवरच्या नोट्स बघून तेच फ्रेंचमध्ये सांगतो. नोट्स म्हणजे शॉर्टहँड नाही हां, पानावर नुसते बाण, आकडे, आडनावं आणि मुद्दा संपला की आडवी रेघ. बूथ नको, हेडफोन नको. फक्त अर्ध्या तासाचं भाषण जवळपास तासभर चालतं, त्यामुळे टाइमटेबल त्या हिशोबाने लावायचं.

सायमल्टेनियस म्हणजे वक्ता बोलत असतानाच साउंडप्रूफ बूथमधून दुसऱ्या भाषेत बोलणं. हे मोठ्या प्रमाणावर गाजलं ते नाझी नेत्यांवरच्या 1945 च्या न्यूरेंबर्ग खटल्यात, तिथे वक्ता फार फास्ट सुटला की पिवळा दिवा लागायचा, थांबायचं असेल तर लाल. आपल्याकडच्या काही वक्त्यांसमोर तो पिवळा दिवा कायमचा बसवायला हवा! या कामात डोकं इतकं लवकर थकतं की बूथमध्ये दोघं लागतात आणि साधारण 20 ते 30 मिनिटांनी माईक बदलतात, म्हणजे दिवसभराला "एकच द्या" चालतच नाही.

समाजशास्त्राच्या छोट्या वर्कशॉपला मी डोळे झाकून कॉन्सेक्युटिव्हच सांगेन. काहून? ब्राझीलच्या जनगणनेत रंग किंवा वंशाचे 5 वर्ग आहेत, त्यात काळे आणि मिश्रवर्णीय हे दोन वेगळे मोजतात, आणि अभ्यासक पुष्कळदा दोघांची बेरीज करून बोलतात. आता मॅडम बोलल्या तो आकडा एकट्याचा की बेरजेचा, हे कॉन्सेक्युटिव्हवाला तिथल्या तिथे विचारून घेतो, बूथमधल्याला मात्र पुढचं वाक्य कानावर आदळत असताना अंदाजानेच सोडून द्यावं लागतं. हॉल भरलेला असेल, चार भाषा असतील, तर मग बूथला पर्याय नाही, पण पेपर आणि स्लाइड्स आठवडाभर आधी पाठवाच.

माणूस शोधताना इंटरप्रिटरच्या प्रोफाइलमधली अक्षरं बघा. ए म्हणजे मातृभाषेसारखी, बी म्हणजे जिच्यात बोलून भाषांतर करता येतं, सी म्हणजे फक्त समजते. नुसतं भाषण फ्रेंचमध्ये हवं असेल तर फ्रेंच ए आणि पोर्तुगीज सी पुरे. प्रश्नोत्तरं असतील तर पोर्तुगीजमध्ये बोलू शकणाराही लागतो, आणि हेच नेमकं लोक विसरतात. एआयआयसी या इंटरप्रिटर लोकांच्या 1953 पासूनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत भाषांच्या जोडीने नावं शोधता येतात. थेट जोडी नाहीच मिळाली तर पोर्तुगीजचं इंग्रजी आणि त्याचं फ्रेंच असं रिले करता येतं, पण त्यात उशीर वाढतो आणि पहिल्याने खाल्लेला शब्द दुसऱ्याला कधीच कळत नाही.

आणि पॅरिसमधल्या इंटरप्रिटरला ऑनलाइन घेणार असाल तर सत्र दुपारी जेवणानंतर ठेवा, हिवाळ्यात आपले सकाळचे 10 म्हणजे तिकडचे पहाटेचे साडेपाच.