3.7 व्होल्टची काळी भुकटी

नखाने झाकण उघडता यायचं अशा जुन्या मोबाइलची बॅटरी खणात पडलेली असेल तर काढून बघा. तिच्यावर 3.7 व्होल्ट छापलेलं असतं. रिमोटमधल्या पेन्सिल सेलवर 1.5. एकाच सेलमध्ये दुपटीहून जास्त जोर आला कुठून? लिथियम इलेक्ट्रॉन चटकन सोडतो, हे निम्मं उत्तर. उरलेलं निम्मं कॅथोडच्या काळ्या भुकटीत, म्हणजे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये आहे. (शाळेत ‘कॅथोड म्हणजे ऋणाग्र’ घोकलेल्यांनी दचकू नये, बॅटरी वापरात असताना कॅथोड अधिक चिन्हाच्या टोकाला असतो.)

1970च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियम आत-बाहेर करून दाखवला. पण व्होल्टेज मिळालं दोनपेक्षा थोडंच जास्त. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांना वाटलं, गंधक काढून तिथे ऑक्सिजन घातला तर? सल्फाइडमधून इलेक्ट्रॉन जोर लावून काढायला गेलं, की ते धातूऐवजी गंधकाकडूनच सुटायला लागतात. ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन जास्त घट्ट धरतो, त्यामुळे धातूला बराच ताण देता येतो. 1980मध्ये गुडइनफ, कोइची मिझुशिमा आणि सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइडवर सुमारे 4 व्होल्ट मिळवून दाखवले.

मला मात्र यातली दुसरी गोष्ट जास्त भावते. या ऑक्साइडमध्ये लिथियम आधीच भरलेला असतो. व्हिटिंगहॅमच्या बॅटरीत पलीकडे लिथियम धातू लागायचा. चार्ज करताना त्याला सुयांसारखे काटे फुटायचे, शॉर्ट सर्किट व्हायचं, आग लागायची. लिथियम कॅथोडमधूनच येणार असेल तर पलीकडे साधा कार्बन चालतो. 1985मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी तिथे पेट्रोलियम कोक वापरला, आणि 1991मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. म्हणजे लिथियम-आयन बॅटरी रिकामीच जन्मते. तिचं पहिलं चार्जिंग कारखान्यात होतं.

आता त्या भुकटीचा एक कण मनाने फोडून बघू. खारी बिस्किटासारखे थर: कोबाल्ट-ऑक्सिजनचा पत्रा, मग लिथियम, पुन्हा पत्रा. चार्जिंगमध्ये लिथियम निघून गेला की थर खाली बसतील असं वाटतं ना? होतं उलटंच. ऑक्सिजनच्या समोरासमोरच्या रांगा एकमेकींना ढकलतात. मधला धन प्रभाराचा लिथियम त्यांना बांधून ठेवत होता, तो कमी झाला की थर आधी दूर सरकतात. निम्म्याहून बराच जास्त लिथियम काढला तर मात्र ते खरंच आत बसू लागतात, कणांना तडे जातात. अशा अवस्थेत तापमान वाढलं की ऑक्सिजन सुटतो, आणि आत इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे लिथियम इकडून तिकडे नेणारं, ज्वालाग्राही द्रावण तयारच असतं. म्हणून ग्रॅममागे 274 मिलिअँपिअर-तास साठवू शकेल असा पदार्थ सुरुवातीला 140च्या आसपासच वापरला जाई. अशा 3.7 व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर 4.2 व्होल्टवर थांबतो तो याच कारणाने.

कोबाल्ट महाग, त्यात जगातला मोठा वाटा एकट्या काँगोच्या खाणींतून येतो. म्हणून कोबाल्टच्या काही जागा निकेल आणि मँगनीजला दिल्या गेल्या. निकेल वाढवला की साठवण वाढते, पण ऑक्सिजन सुटायची भीतीही वाढते. लोह-फॉस्फेटच्या कॅथोडमध्ये ती भीती बरीच कमी, कारण तिथला ऑक्सिजन फॉस्फरसने पक्का बांधलेला असतो. मात्र त्या सेलवर 3.7 नाही, 3.2 व्होल्ट छापलेलं असतं.