न्यूरोफीडबॅक आणि टीएमएस: डोक्याला लावलेलं यंत्र नेमकं काय करतं?

न्यूरोफीडबॅकचं, म्हणजे आपल्या मेंदूच्या लहरींची खूण पडद्यावर बघत त्या बदलायच्या सरावाचं, नाव निघालं की घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे डोक्याला शॉक देणार का?" विचारणाऱ्याची चूक नाही. डोक्यावर काहीतरी बसवतात, शेजारी यंत्र असतं, आठवड्यातून अनेकदा जावं लागतं, गोळी घ्यावी लागत नाही, आणि आजारांची यादीही बरीचशी तीच: नैराश्य, चिंता, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा), झोप न येणं. हे वर्णन न्यूरोफीडबॅकला जसं लागू पडतं तसंच टीएमएसला, म्हणजे ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशनलाही. मग दोन्हींची सरमिसळ होते. कोणी टीएमएसनं बरं झाल्याचं ऐकून दुसरं कोणी न्यूरोफीडबॅकला जातं आणि चार आठवड्यांत तसाच गुण येईल म्हणून वाट बघत बसतं. उलटंही होतं. टीएमएसला मेंदूचा साधा व्यायाम समजून एखादा माणूस आपल्या डोक्यात शस्त्रक्रियेची धातूची क्लिप आहे हे डॉक्टरांना सांगतच नाही. पहिल्या गोंधळात वेळ आणि उमेद जाते, दुसरा जिवावर बेतू शकतो.

शॉकचं आधी मिटवून टाकू. ज्याला लोक शॉक ट्रीटमेंट म्हणतात ती ईसीटी. भूल देऊन, विजेच्या साह्यानं थोडा वेळ आकडी आणणारा तो तिसराच उपचार आहे, आणि गंभीर नैराश्यात तो फार उपयोगी पडतो. न्यूरोफीडबॅकमध्ये आणि टीएमएसमध्ये भूल देत नाहीत आणि आकडीही आणायची नसते.

या दोघांतला मूळ फरक दिशेचा आहे. न्यूरोफीडबॅकचं यंत्र मेंदूकडून येणारे संकेत फक्त टिपतं. मेंदूत ते काहीही सोडत नाही. थर्मामीटर लावल्यानं ताप चढतही नाही आणि उतरतही नाही, तसंच डोक्यावर बसवलेल्या इलेक्ट्रोडचं, म्हणजे संकेत टिपणाऱ्या चकतीचं, आहे. टीएमएसचं यंत्र मात्र बाहेरून मेंदूच्या एका ठरावीक भागावर चुंबकीय स्पंद सोडतं, आणि तिथल्या चेतापेशी प्रत्यक्ष उद्दीपित होतात. म्हणजे टीएमएस तुमच्यावर केलं जातं, न्यूरोफीडबॅकमध्ये सराव तुम्हाला करावा लागतो. अपेक्षा किती आणि कशाची ठेवायची, हे बरंचसं इथेच ठरतं.

न्यूरोफीडबॅकच्या खुर्चीत

मानवी मेंदूच्या लहरी हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा नोंदवल्या आणि १९२९ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. न्यूरोफीडबॅक लहरींच्या त्याच नोंदीवर, म्हणजे ईईजीवर, उभं आहे. पहिल्या भेटीत झोप, औषधं, पूर्वी कधी आकडी आली होती का, शाळेत किंवा कामावर नेमकं काय अडतं, अशी सविस्तर विचारपूस व्हायला हवी. काही ठिकाणी १९ इलेक्ट्रोडची टोपी घालून पूर्ण ईईजी घेतात आणि त्यावरून रंगीत 'ब्रेन मॅप' काढून हातात देतात. हा नकाशा बघून पालकांच्या पोटात गोळा येतो, म्हणून सांगतो. लाल दिसणारा भाग खराब झालेला भाग नसतो. तुमची नोंद इतर माणसांच्या सरासरीपेक्षा तिथे वेगळी आली, इतकाच त्याचा अर्थ. अपुरी झोप, डुलकी, चालू असलेली गोळी, कपाळाच्या आठ्या यानंही रंग बदलतात. अशा नकाशावरून एडीएचडी किंवा नैराश्याचं निदान करता येत नाही, ते बोलून आणि तपासूनच करावं लागतं.

प्रत्यक्ष सत्राची सुरुवात टेपनं डोकं मोजण्यापासून होते. नाकाच्या वरची खाच आणि डोक्याच्या मागचं हाडाचं टेंगूळ यांच्यातलं अंतर घेऊन इलेक्ट्रोडची जागा ठरवतात. तिथली त्वचा खरखरीत जेलनं हलकेच घासतात, चिकट पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवतात, कानाच्या पाळीला क्लिप लावतात. दुखत नाही, केस तेवढे चिकट होतात. मग पडद्यावर एखादा खेळ किंवा चित्रफीत सुरू होते. हव्या त्या लहरींचं प्रमाण वाढलं की चित्र उजळतं किंवा आवाज येतो, घटलं की चित्र मंदावतं. एडीएचडीसाठी बहुधा ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा लहरी कमी आणि त्याहून वेगवान बीटा लहरी जास्त, असा सराव देतात. बक्षीस सारखं मिळत राहील पण फुकट मिळणार नाही, अशा बेतानं थेरपिस्ट पातळी ठरवतो.

"पण मी नेमकं करायचं काय?" हे सगळेच विचारतात. याला सरळ उत्तर नाही. जोर लावून उपयोग होत नाही, हे मात्र लवकर कळतं. पडद्याकडे बघत, कशानं चित्र उजळतं ते आपलं आपण शोधत राहायचं. डोक्यात काही जाणवत नाही. कंटाळा येतो, आणि लहान मुलांना तर दहाव्या मिनिटालाच येतो.

या खोलीत एक गोष्ट मुद्दाम करून बघण्यासारखी आहे. पडद्यावर लहरींची रेघ दिसत असताना दात आवळा. बारीक नागमोडी रेघ एका क्षणात जाड, काळी, केसाळ होते. डोळे मिचकावले की कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर मोठा उंचवटा उमटतो. मेंदूचा संकेत व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतका क्षीण असतो, त्यापुढे जबड्याचा स्नायू फार दणकट. आणि स्नायूंची ही गडबड नेमकी बीटा लहरींच्या पट्ट्यात मिसळते. थेरपिस्टनं ती वेगळी काढली नाही, तर मूल जबडा आवळून बक्षीस मिळवायला शिकेल आणि आलेख मात्र प्रगती दाखवेल. चांगला थेरपिस्ट हे पहिल्याच दिवशी करून दाखवतो आणि अशा क्षणी बक्षीस थांबेल अशी सोय ठेवतो. जिथे याबद्दल विचारल्यावर उडवाउडवी होते, तिथे माझा विश्वास बसणार नाही.

एक सत्र साधारण ३० ते ६० मिनिटांचं, आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकूण २० ते ४० सत्रं, असा सर्वसाधारण बेत असतो. नंतर थकवा, थोडी डोकेदुखी, चिडचिड किंवा झोपेत फरक जाणवू शकतो. बहुधा तो ओसरतो, तरी पुढच्या वेळी सांगायचाच, म्हणजे सरावात बदल करता येतो.

गुण येतो का?

इथे दोन्ही उपचारांच्या वाटा सगळ्यात जास्त वेगळ्या होतात.

न्यूरोफीडबॅकची सुरुवात मोठी आशादायक होती. १९६० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना १२ ते १५ हर्ट्झच्या आसपासच्या लहरी वाढवायला शिकवलं, बक्षीस म्हणून खाऊ देऊन. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनावर त्यांचं काम चालू असताना दिसलं की या शिकवलेल्या मांजरांना त्यानं आकडी उशिरा येते. मांजराला काही उपचाराची आशा लागलेली नसते, त्यामुळे ही नोंद वजनदार होती. १९७२ मध्ये अपस्माराच्या रुग्णावरचा अनुभव प्रसिद्ध झाला, आणि १९७० च्या दशकातच जोएल लुबार यांनी हा सराव चंचल मुलांकडे वळवला.

अडचण आली ती माणसांवर काटेकोर तुलना केल्यावर. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत एडीएचडी असलेली ७ ते १० वर्षांची १४४ मुलं होती. काहींना खरं न्यूरोफीडबॅक मिळालं. बाकीच्यांना तीच खुर्ची, तोच खेळ आणि तितकीच सत्रं मिळाली, पण पडद्यावरचं बक्षीस त्यांच्या स्वतःच्या लहरींवर चालत नव्हतं. कोण कुठल्या गटात आहे हे मुलांना, पालकांना किंवा थेरपिस्टला ठाऊक नव्हतं. ३८ सत्रांनंतर दोन्ही गटांतली मुलं चांगलीच सुधारली होती, आणि दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. निद्रानाशावर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासातही हेच दिसलं: झोप सुधारल्याचं लोकांनी सांगितलं, पण खोट्या सरावानंही तितकीच सुधारल्याचं सांगितलं.

याचा अर्थ ज्यांच्या मुलांना फायदा झाला ते खोटं बोलतात, असा मुळीच नाही. मुलं खरोखर सुधारली. आठवड्यातून दोन-तीनदा एक शांत मोठं माणूस फक्त आपल्याकडे लक्ष देतं, आपण अर्धा तास स्थिर बसतो, जमलं की लगेच शाबासकी मिळते, घरातलेही थोड्या आशेनं आपल्याकडे बघू लागतात. मुलाच्या आयुष्यात या गोष्टी लहान नाहीत. सुधारणेतला किती वाटा लहरी बदलण्याचा, हा प्रश्न आहे, आणि चांगल्या चाचण्यांतून तो वाटा वेगळा दाखवता आलेला नाही. सुधारणा खरी असेल तर कारणाशी काय देणंघेणं, असं वाटू शकतं. पण ज्या घराला वेळ, पैसा आणि मुलाचा धीर जपून वापरायचा आहे, त्याला हे आधी कळलंच पाहिजे. एडीएचडीत औषधं आणि पालकांसाठीचं वर्तन-प्रशिक्षण यांच्यामागचा पुरावा जास्त भक्कम आहे. न्यूरोफीडबॅक करायचंच असेल तर त्यांच्या जोडीला करावं, ते थांबवून नाही.

टीएमएसचं काम वेगळं

टीएमएसमागचं तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं: बदलतं चुंबकीय क्षेत्र वीज निर्माण करतं. अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला ते माणसाच्या मेंदूवर वापरून दाखवलं. डोक्यावर टेकवलेल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, एमआरआयइतक्या ताकदीचं, पण क्षणभराचं चुंबकीय क्षेत्र निघतं. कवटीचा त्याला अडथळा होत नाही.

पहिल्या दिवशीचा एक प्रसंग बघणाऱ्याला चकित करतो. डॉक्टर कॉइल हात हलवणाऱ्या भागावर ठेवतात, टक असा आवाज होतो आणि मांडीवर सैल ठेवलेल्या हाताचा अंगठा आपण न हलवता उडतो. १० पैकी निदान ५ वेळा स्नायू हलेल इतकी कमीत कमी ताकद शोधतात, आणि त्यावरून प्रत्येकाची मात्रा ठरते. नैराश्यासाठी मग कॉइल पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूच्या मागे नेतात. टकटक मोठ्यानं होते, म्हणून कानात बोळे घालावेच लागतात. डोक्याच्या त्वचेवर टोचल्यासारखं लागतं, सुरुवातीच्या आठवड्यात डोकं दुखू शकतं. जुन्या पद्धतीत एक सत्र सुमारे ३७ मिनिटांचं असे. नव्या, थीटा बर्स्ट नावाच्या पद्धतीत सुमारे ३ मिनिटं लागतात, आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ४१४ रुग्णांच्या चाचणीत ती जुन्या पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही. आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे, असा क्रम असतो. शिकायचं काही नसतं, फक्त जागं राहून डोकं स्थिर ठेवायचं.

अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०१८ मध्ये ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येणं) अशा यंत्रांना परवानगी दिली. नैराश्यात खोट्या कॉइलपेक्षा खरी कॉइल सरस ठरल्याचं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. न्यूरोफीडबॅकची यंत्रं तिथे मुख्यतः मन शांत करण्याच्या प्रशिक्षणासाठी म्हणून बाजारात आहेत. 'एफडीएची मान्यता' असं फलकावर दिसलं तर ती कशासाठी, हे विचारून घ्यावं. टीएमएसचाही सगळ्यांना गुण येत नाही, आणि आलेला गुण काही महिन्यांनी ओसरू शकतो. धोकेही खरे आहेत. क्वचित आकडी येऊ शकते. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) किंवा कॉइलजवळ कुठलंही विजेवर चालणारं उपकरण असेल तर टीएमएस करत नाहीत. पूर्वी आकडी आली असेल, औषध बदललं असेल, रात्रभर जागरण झालं असेल, तर तेही सत्राआधी सांगायचं.

आत्महत्येचे विचार येत असतील तर न्यूरोफीडबॅकच्या विसाव्या सत्राची वाट बघू नका. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा तातडीच्या सेवेकडे जा. दोन्हींपैकी कुठल्याही उपचाराच्या भरवशावर चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

न्यूरोफीडबॅक सुरू करणार असाल, तर काय बदलायला हवं ते आधीच कागदावर लिहा: गृहपाठ किती वेळ सलग होतो, रात्री झोप लागायला किती वेळ लागतो. शक्य असेल तर नोंद अशा माणसाकडून घ्या ज्याला उपचार चालू असल्याचं ठाऊक नाही, जसं की वर्गशिक्षक. दहा-पंधरा सत्रांनंतर तो कागद थेरपिस्टसमोर ठेवून पुढे जायचं की थांबायचं ते ठरवा. सगळी सत्रं आधीच विकत घेण्याचा आग्रह होत असेल तर मी नाही म्हणेन.

घरी वापरायच्या पट्ट्यांचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. कपाळावर बांधायची जी पट्टी ईईजी टिपते, तिच्यात सेन्सर मोजकेच असतात आणि तेही स्नायूंच्या अगदी जवळ. शांत बसायची सवय लावण्यापुरती ती चालेल, उपचार म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. पण काही पट्ट्या दिसायला तशाच असूनही डोक्यातून हलका विद्युतप्रवाह सोडतात, साधारण १ ते २ मिलिअँपिअर. त्या पद्धतीला टीडीसीएस म्हणतात. ती न्यूरोफीडबॅक नाही. चुकीच्या जागी किंवा कोरड्या पॅडनं वापरली तर त्वचा भाजू शकते. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, यंत्र फक्त टिपतं की आत काही सोडतं, हे माहितीपत्रकात शोधा, आणि सोडत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते डोक्याला, विशेषतः मुलाच्या डोक्याला, लावू नका.