हृदयातलं लोह मोजताना आकडा का हलतो?

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त न बनण्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. प्रत्येक पिशवीबरोबर साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि रोज बाहेर पडतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जादाचं लोह काढून टाकायची सोयच शरीराकडे नाही. ते यकृतात साठतं, पुढे हृदयात. फेरिटिनच्या (लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या) रक्ततपासणीवरून हृदयाचा अंदाज बांधणं धोक्याचं, कारण यकृत बरंचसं मोकळं आणि हृदय मात्र लोहाने भरलेलं, असेही रुग्ण सापडतात.

2001 साली लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी यावर एमआरआयचा मार्ग दाखवला. लोहामुळे आसपासचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतं आणि स्नायूतून येणारा सिग्नल लवकर विझतो. किती लवकर, ते सांगणारा आकडा म्हणजे टी-टू-स्टार. 20 मिलिसेकंदांच्या वर असला तर चिंता नाही. 10 च्या खाली गेला तर लोह बाहेर काढणारी औषधं ताबडतोब वाढवायची. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, स्कॅननंतर वर्षभरात हार्ट फेल्युअर झालेल्यांपैकी 98 टक्के रुग्णांचा आकडा 10 च्या खाली होता.

इतकं ज्यावर अवलंबून, तो आकडा मोजणाऱ्यागणिक बदलला तर कसं चालेल? म्हणून आधी जागा ठरली. हृदयाच्या बाहेरच्या भिंतीला फुप्फुसातली हवा आणि शिरांमधलं रक्त खेटून असतं. त्यांच्यामुळेही सिग्नल बिघडतो आणि नसलेलं लोह दिसतं. त्यामुळे मोजमाप दोन जवनिकांमधल्या (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या) जाड पडद्यातच करायचं. तिथेही कडेचं रक्त चौकटीत शिरतं. रक्ताचा सिग्नल मुद्दाम दाबून ते काळं दाखवलं की स्नायूची कड स्वच्छ दिसते आणि दोन वाचनांतली तफावत कमी होते.

खरी गंमत गणितात आहे. एकाच श्वासरोधात साधारण 2 ते 18 मिलिसेकंदांदरम्यान आठ वेळा सिग्नल टिपतात आणि त्यांतून उतरती रेघ काढतात; तिच्या उतारावरून टी-टू-स्टार ठरतो. टी-टू-स्टार 5 असेल, तर अठराव्या मिलिसेकंदाला मूळ सिग्नलचे 3 टक्केही उरत नाहीत. तिथे यंत्र टिपतं ती नुसती खरखर. ती जमेस धरली की रेघ उगाच सपाट होते, आकडा फुगतो आणि लोह कमी भासतं. म्हणजे ज्याच्या हृदयात सगळ्यात जास्त लोह, त्याच्याच बाबतीत रिपोर्ट खोटा दिलासा देणार! उपाय साधा आहे: खरखरीत बुडालेले शेवटचे बिंदू सोडून द्यायचे. पण कुठून सोडायचे, हे प्रत्येकाने आपल्या नजरेने ठरवलं तर पुन्हा तफावत येते. तो निकष आधीच ठरलेला हवा.

यंत्रातल्या चुंबकाची ताकदही पाहावी लागते; ती टेस्लामध्ये मोजतात. 20 आणि 10 या मर्यादा 1.5 टेस्लाच्या यंत्रासाठी आहेत. 3 टेस्लावर तेच हृदय जवळपास निम्मा आकडा दाखवतं. म्हणून जुना रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करताना आधी दोन्हींवरचा टेस्लाचा आकडा बघावा, मग मिलिसेकंदांचा.