युरोपात बसने फिरताय? मग शेंगेन आणि ईयू यातला फरक आधी समजून घ्या

फ्लिक्सबस किंवा ब्लाब्लाकार बसचं स्वस्त तिकीट दिसलं की लोक पटापट रूट आखतात, व्हिएन्ना-बुडापेस्ट-बेलग्रेड, पॅरिस-लंडन, बेलफास्ट-डब्लिन, आणि मग विचारतात की युरोपचा व्हिसा आहे ना आपल्याकडे, मग काय प्रॉब्लेम? तर युरोपचा व्हिसा अशी काही गोष्टच नाहीये. टुरिस्ट म्हणून आपल्या पासपोर्टवर जो लागतो तो शेंगेन व्हिसा, आणि शेंगेन म्हणजे युरोपियन युनियन नाही. दोन्ही याद्यांमध्ये बरेचसे देश तेच आहेत म्हणून सगळा घोळ होतो. विमानाने जाणाऱ्याला एअरलाइनवाले चेक-इनलाच व्हिसा विचारतात, बसच्या ॲपवर मात्र नाव टाकलं, पैसे भरले की तिकीट हातात, त्यामुळे चूक कळते ती थेट बॉर्डरवर, तीही बऱ्याचदा मध्यरात्री.

युरोपियन युनियन, म्हणजे ईयू, हा २७ देशांचा संघ. कायदे, व्यापार, कस्टम्स, ग्राहकांचे हक्क वगैरे त्यांचं एकत्र चालतं. शेंगेन हा करार फक्त सीमेपुरता, की आपापसातल्या सीमांवर रोजची पासपोर्ट तपासणी करायची नाही आणि बाहेरून येणाऱ्याला थोड्या दिवसांसाठी एकच व्हिसा द्यायचा. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या मोझेल नदीकाठच्या शेंगेन गावात पाच देशांनी सही केली, तपासण्या प्रत्यक्ष बंद झाल्या मार्च १९९५ मध्ये. आज त्यात २९ देश आहेत, त्यातले २५ ईयूतले आणि चार बाहेरचे, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनश्टाइन. उलट आयर्लंड आणि सायप्रस ईयूत आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत.

बसने फिरणाऱ्यासाठी पहिली महत्त्वाची रेघ शेंगेनची. आतल्या आत प्राग-बर्लिन, ब्रसेल्स-ॲमस्टरडॅम असं कितीही फिरा, कोल्हापूरहून निपाणीला जाताना जशी राज्याची हद्द मागे पडते तशीच देशाची पडते, मोबाइलवर नेटवर्कचं नाव बदललं की कळतं. पण म्हणून पासपोर्ट बॅगेत टाकून बॅग बसच्या डिकीत ठेवायची नाही! जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली, इतरही काही देश अधूनमधून करतात. पोलीस बसमध्ये चढतात, सीटवरच कागद बघतात, आणि फोनमधला फोटो दाखवून भागत नाही.

आता खरा त्रास कुठे होतो ते बघा. व्हिसाच्या स्टिकरवर एंट्रीचा एक रकाना असतो, त्यात ०१, ०२ किंवा मल्ट (म्हणजे कितीही वेळा) असं छापलेलं असतं. ०१ असेल तर शेंगेनमध्ये एकदाच शिरता येतं, बाहेर पडलात की दिवस शिल्लक असले तरी व्हिसा संपला. समजा तुम्ही बुडापेस्टहून बसने बेलग्रेडला निघालात, सर्बिया ना ईयूत ना शेंगेनमध्ये, आणि विमान परतीचं व्हिएन्नाहून आहे. सर्बियात शेंगेन व्हिसावर प्रवेशाची सोय आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण प्रश्न तिथे जाण्याचा नाहीच, परत येताना हंगेरीच्या नाक्यावर तुमच्याकडे दुसरी एंट्री आहे का हा आहे. नसेल तर बस पुढे जाईल आणि तुम्ही मागे राहाल. बोस्नियातलं सारायेव्हो, मॉन्टेनेग्रो, अल्बानिया, सगळीकडे हाच विचार आधी करायचा, शिवाय त्या त्या देशाचे शेंगेन व्हिसावाल्यांसाठीचे नियम थोडे वेगवेगळे आहेत, तेही तिकीट काढायच्या आधी बघायचे. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने ईईएस नावाची कॉम्प्युटर नोंदणी सुरू झाली, त्यात चेहरा, बोटांचे ठसे बघतात, सगळी बस उतरवून एकेकाचं होईपर्यंत वेळ जातोच, त्यामुळे अशा बसला लागून पुढची ट्रेन किंवा विमान अजिबात बुक करू नका.

क्रोएशियाची गोष्ट तर मला फार आवडते, कारण एका पुलाने आणि एका तारखेने तिथल्या बसप्रवासाचं गणितच बदललं. स्प्लिटहून दुब्रोव्निकला जाताना किनाऱ्यावर मध्येच बोस्नियाचा छोटासा तुकडा येतो, नेउम, त्यामुळे एकाच देशातल्या दोन शहरांच्या मध्ये बस बॉर्डर ओलांडून बाहेर जायची आणि काही किलोमीटरवर परत आत यायची. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाट्स पूल सुरू झाला आणि नेउमला वळसा घालून जाता यायला लागलं, लगेच १ जानेवारी २०२३ ला क्रोएशिया शेंगेनमध्येही आला आणि युरोही घेतला. हा पूल नसता तर सिंगल एंट्रीवाल्या माणसाने स्प्लिटहून दुब्रोव्निकची बस घेतली असती तर नेउमलाच त्याची एंट्री संपली असती. तरीही बस पुलावरूनच जाते ना हे विचारून घ्याच.

रोमानिया आणि बल्गेरिया २००७ पासून ईयूत आहेत, पण जमिनीवरून शेंगेनमध्ये पूर्णपणे आले १ जानेवारी २०२५ ला. म्हणजे बुडापेस्ट-बुखारेस्ट बससाठी आता तोच एक व्हिसा पुरतो. जुन्या ब्लॉगवर याच्या उलट लिहिलेलं सापडेल, तारीख बघून वाचा.

लंडनचं मात्र वेगळंच. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला ईयूतून बाहेर पडलं, पण शेंगेनमध्ये ते कधीच नव्हतं, त्यामुळे ब्रेक्झिटच्या आधीही पॅरिस-लंडन बसला कॅलेला उतरून पासपोर्ट दाखवावाच लागायचा. आजही तसंच आहे, फ्रान्सच्याच जमिनीवर आधी फ्रेंच, मग ब्रिटिश अधिकारी तपासतात आणि मग बस फेरीबोटीवर किंवा समुद्राखालच्या बोगद्यातल्या शटल ट्रेनवर चढते. आपल्याला ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, आणि लंडन करून परत पॅरिसला यायचं असेल तर शेंगेनची दुसरी एंट्रीसुद्धा.

सगळ्यात फसवी बस म्हणजे बेलफास्ट-डब्लिन. बेलफास्ट ब्रिटनमध्ये, डब्लिन ईयूत, आणि मध्ये नाका नाही, कमान नाही, फक्त वेगमर्यादेच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर येतात. कोणी अडवलं नाही म्हणजे व्हिसा लागत नाही असा अर्थ लोक काढतात, तो चूक आहे. भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसा लागतोच, काही ब्रिटिश आणि आयरिश व्हिसांवर दोन्हीकडे जायची सोय आहे पण स्टिकरवर तसं लिहिलेलं असावं लागतं, आणि आयरिश पोलीस या बसेस मधूनच थांबवून तपासतात. शेंगेन व्हिसा इथे कुठेच चालत नाही.

मग ईयूचा बसने फिरणाऱ्याला काय उपयोग? तर आहे, आणि बऱ्याच जणांना तो माहीत नसतो. म्युनिकहून झुरिकला बसने गेलात तर व्हिसाचा काहीच प्रश्न नाही, स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण ईयूत नाही, म्हणून ईयूच्या सिमचं मोफत रोमिंग तिथे मिळेलच असं नाही, बिल आलेलं मग कळतं. शिवाय कस्टम्सवाले बस थांबवून सामान बघू शकतात. नॉर्वेतही कस्टम्सचं तेच, रोमिंग मात्र तिथे चालतं.

दुसरं म्हणजे प्रवाशांचे हक्क. ईयूचा १८१/२०११ हा नियम आहे, चढायचं किंवा उतरायचं ठिकाण ईयूत असेल आणि मार्ग २५० किलोमीटर किंवा जास्त असेल तर तो लागू होतो. बस रद्द झाली किंवा सुटायलाच दोन तासांवर उशीर झाला तर पैसे परत घ्यायचे का दुसऱ्या मार्गाने जायचं हे तुम्ही ठरवायचं, कंपनीने नाही, आणि कंपनीने हा पर्यायच दिला नाही तर तिकिटाच्या निम्मी रक्कम वर भरपाई म्हणून मागता येते. पण सुटली वेळेवर आणि ट्रॅफिकमुळे उशिरा पोचली तर, ट्रेनला मिळते तशी भरपाई बसला नाही. हे माहीत असेल तर बस स्टेशनवर उगाच वाद घालण्यात रात्र जात नाही.

पुण्या-मुंबईहून जर्मनीला शिकायला गेलेल्या मुलांसाठी एक शेवटचं. तुमच्याकडे जर्मन रेसिडेन्स परमिटचं कार्ड असेल तर बाकी शेंगेन देशांत १८० दिवसांमधले ९० दिवस व्हिसाशिवाय फिरता येतं, सर्बियाला जाऊन परत यायलाही एंट्रीची मोजदाद आड येत नाही. फक्त नुसतं कार्ड खिशात टाकून वीकेंडला प्रागची बस पकडू नका, ते कार्ड चालतं पासपोर्टसोबतच, आणि पोलीस दोन्ही मागतात.